पडणारा देह, उठणारा देह : युद्धपट आणि स्लॅपस्टिक विनोदपट यांचा वाद

अभिजात चित्रपटांच्या प्रेक्षकांमध्ये दोन आवडी सहसा एकमेकींपासून अंतर राखून नांदतात. काहींना युद्धपटांविषयी, म्हणजे रणभूमी, सैनिक आणि मृत्यू हाच ज्यांचा विषय आहे अशा चित्रपटांविषयी, आदर वाटतो. तर काहींचा जीव स्लॅपस्टिक विनोदपटांवर, म्हणजे पडणे, आपटणे, पाठलाग, धक्काबुक्की आणि वस्तूंची अनपेक्षित उलथापालथ यांतून हसू निर्माण करणाऱ्या व नटाच्या देहावरच सारी भिस्त ठेवणाऱ्या चित्रपटांवर, जडलेला असतो. भारतीय साहित्यशास्त्राच्या दृष्टीने हा दुरावा स्वाभाविक आहे, कारण विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे भयानक आणि करुण या दोन रसांशी वैर सांगितले आहे, आणि युद्धाच्या कथेत तर वीराइतकेच हे दोन रस ठाण मांडून असतात. मात्र पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत जे चित्रपट निर्माण झाले त्यांनी या वैराची पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली. त्या परीक्षेतून काय निष्पन्न झाले, याचा विचार करण्यासाठी येथे दोन भूमिका वादाच्या रूपाने समोरासमोर मांडल्या आहेत. युद्धपटच युद्धाविषयीचे सत्य सांगू शकतो, असे मानणारा तो युद्धपटवादी. आणि ते सत्य विनोदपटाने अधिक निर्भयपणे सांगितले, असे मानणारा तो विनोदपटवादी.

युद्धपटवादी : युद्धावरच्या चित्रपटाचे पहिले उत्तरदायित्व मृतांशी असते. जो माणूस गोळी लागून पडला तो पुन्हा उठणार नाही, ही एकच गोष्ट प्रेक्षकाच्या मनावर पुरती बिंबली, तर चित्रपटाचे निम्मे काम झाले. लुईस माइलस्टोन यांचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) हे याचे उत्तम उदाहरण होय. एरिख मारिया रेमार्क यांच्या १९२९ साली ग्रंथरूपाने आलेल्या जर्मन कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात शिक्षकाच्या ओजस्वी भाषणाने भारलेला एक वर्ग सैन्यात भरती होतो आणि त्यातील मुले एकामागून एक मरत जातात. एका मृत मुलाचे चांगले बूट दुसऱ्याच्या पायात जातात, तो मेल्यावर तिसऱ्याच्या पायात जातात, आणि माणसांपेक्षा कातडे अधिक टिकाऊ ठरते. पुढे तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात पॉल हा नायक एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मरणाऱ्या त्या माणसाच्या सोबतीने, त्याची क्षमा मागत, त्याला रात्र काढावी लागते. शत्रू म्हणजे एक आकडा, ही समजूत त्या खड्ड्यात संपते. या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या विरोधकांनीही ओळखले होते. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी दुर्गंधीचे बॉम्ब फोडून आणि पांढरे उंदीर सोडून त्याचा खेळ उधळला, आणि काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली. हास्यपटाची एवढी धास्ती कोणी घेतल्याचे सहसा आढळत नाही.

विनोदपटवादी : या चित्रपटाच्या थोरवीविषयी दुमत नाही, प्रश्न आहे तो त्याच्या जातीच्या इतर शेकडो चित्रपटांचा. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९७३ साली एका मुलाखतीत अशा आशयाचे मत मांडले होते की, युद्धाविषयीचा प्रत्येक चित्रपट अखेरीस युद्धाच्या बाजूचाच होऊन बसतो. हे दिग्दर्शकाच्या हेतूमुळे घडत नाही, माध्यमाच्या स्वभावामुळे घडते. चढाईचे दृश्य घेतले की कॅमेरा धावू लागतो, संकलनाला लय येते, संगीताची साथ मिळते, आणि खुर्चीत सुरक्षित बसलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहतो, त्यात भीतीबरोबर आनंदाचाही अंश असतो. ‘ऑल क्वाएट’मध्ये मशीनगनच्या दृष्टीने कॅमेरा आडवा सरकत जातो आणि धावत येणारे सैनिक एका ओळीत कोसळतात, ते दृश्य भयंकर आहे आणि देखणेही आहे. विनोदपटाला ही अडचण येत नाही. चार्ली चॅप्लिन यांचा ‘शोल्डर आर्म्स’ २० ऑक्टोबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या तीन आठवडे आधी, प्रदर्शित झाला. त्यातील खंदकात उवांनी हैराण झालेला सैनिक पाठ खाजवण्यासाठी भिंतीला किसणी टांगतो, पाण्याने भरलेल्या आश्रयात ग्रामोफोनच्या कर्ण्यातून श्वास घेत झोपतो, आणि टपाल आले की स्वतःला पत्र नसल्याने दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याचे पत्र वाचत त्याच्या सुखदुःखात सहभागी होतो. येथे रणभूमीला शोभा नाही. ओल, खाज, भूक आणि एकटेपणा आहे. सैनिकाचे रोजचे आयुष्य बहुतांशी याच गोष्टींचे असते.

युद्धपटवादी : त्याच चित्रपटात तो सैनिक जर्मन सम्राट कैसरला कैद करून आणतो, हे आपण सोयीस्करपणे वगळले. ते सारे स्वप्न होते असे शेवटी दाखवले, तरी स्वप्नाची दिशा प्रचाराला पोषकच आहे. शिवाय हास्याच्या स्वरूपातच एक मर्यादा आहे, आणि ती हास्याचा मोठा भाष्यकार आँरी बर्गसाँ यानेच १९०० साली आपल्या ‘हास्य’ या ग्रंथात सांगून ठेवली आहे. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते. पडणाऱ्याबद्दल कळवळा दाटून आला की हसू थांबते. स्लॅपस्टिक या प्रकाराचे मूळ इटलीतील कोमेडिया देल्लार्ते या नाट्यपरंपरेतील ज्या साधनाशी जोडले जाते, ते दोन पातळ फळ्या एकत्र जोडून केलेले असे. त्याचा फटका बसला की आवाज मोठा होई आणि इजा मात्र होत नसे. इजा न करणारा मार हा ज्या कलेचा पाया आहे, तिने ज्यात प्रत्येक माराने इजा होते अशा युद्धाला हात घालावा, यात मूलभूत विसंगती आहे.

विनोदपटवादी : बर्गसाँचा अर्धाच विचार घेतला तर तसे दिसते. त्याच ग्रंथातील दुसरे सूत्र असे की, जिवंत माणसावर यांत्रिकपणा चढलेला दिसला म्हणजे हसू येते. आता सैन्यातील कवायत म्हणजे काय? सजीव माणसाच्या अंगी यंत्राची शिस्त बाणवणे, हुकूम ऐकताच विचार न करता देह हलावा इतकी सवय लावणे, हाच तिचा उद्देश असतो. ‘शोल्डर आर्म्स’ची सुरुवातच अशा कवायतीने होते, चार्लीची फेंगडी पावले काही केल्या सरळ रेषेत बसत नाहीत, वळायचे असते तेथे पाय एकमेकांत अडकतात, आणि यंत्र करू पाहणाऱ्या व्यवस्थेपुढे एक देह यंत्र व्हायला तयार नाही एवढी गोष्ट प्रेक्षक हसत हसत समजून घेतो. हृदय बधिर होते ते हुकूम देणाऱ्याविषयी. त्या पावलांविषयी प्रेक्षकाला मायाच वाटते. मराठी तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाचा हुकूम ऐकतो आणि तो इतक्या सरळ अर्थाने पाळतो की हुकुमाचेच हसे होते. चार्लीचा सैनिक त्याच कुळातला आहे.

युद्धपटवादी : कवायतीपुरते हे मान्य करता येईल, पण कवायतीनंतर लढाई येते. बस्टर कीटन यांचा ‘द जनरल’ (१९२६) विनोदपटांचा मुकुटमणी मानला जातो. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या गुप्त पथकाने दक्षिणेची एक आगगाडी पळवली होती, त्या सत्य घटनेवर तो आधारलेला आहे. त्याच्या शेवटच्या लढाईत नायक तलवार उगारतो, मुठीतून पाते निसटते आणि दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजाच्या देहात घुसते. त्या मृत्यूवर प्रेक्षकाने हसावे अशी अपेक्षा आहे. लढाईत माणसे मरताना दाखवून त्यांवर हसू मिळवणे कठीण असते, ही गोष्ट कीटनना कोणीतरी सांगायला हवी होती, असा आक्षेप रॉबर्ट शेरवूड या समीक्षकाने तेव्हाच घेतला होता. त्याहून गंभीर बाब अशी की, चित्रपटाचा नायक दक्षिणेचा आहे आणि ज्या गुलामगिरीच्या प्रश्नावर ते युद्ध पेटले तिचा उच्चारही चित्रपटात होत नाही. गतीची मौज टिकवण्यासाठी कारणांचा विसर पाडावा लागला, याचा हा पुरावा आहे.

विनोदपटवादी : गुलामगिरीविषयीचे मौन हा दोष खराच आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही, मात्र दक्षिणेला शौर्याचे वलय देण्याचा तो दोष त्या काळच्या अमेरिकी गंभीर चित्रपटांतही मुबलक आढळतो, त्यामुळे तो हास्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. ‘द जनरल’ने दिले ते वेगळेच. शत्रूवर रोखलेल्या तोफेची नळी गाडीच्या धक्क्यांनी हळूहळू खाली येते आणि नायकाकडेच तोंड करते. तो धावत पुढच्या डब्यावर जातो, रूळ वळतात, आणि गोळा त्याला चुकवून भलतीकडे पडतो. शस्त्राला बाजू नसते आणि रणांगणावरचा विजय पुष्कळदा केवळ वळणाचा योगायोग असतो, हे तत्त्व कोणत्याही भाषणावाचून येथे दिसते. नंतर जळत्या पुलावरून खरीखुरी आगगाडी नदीत कोसळते. ऑरेगन राज्यात कॉटेज ग्रोव्हजवळ हे दृश्य एकदाच, कोणत्याही छोट्या प्रतिकृतीशिवाय, चित्रित झाले; कॅमेरा मग त्या सेनाधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, ज्याने पूल गाडीचा भार सोसेल अशी खात्री दिलेली असते. त्या सुन्न चेहऱ्यात चुकीच्या हुकुमाचा सारा इतिहास सामावला आहे. आणि कीटन हे युद्ध दुरून पाहणारे गृहस्थ नव्हते. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याबरोबर फ्रान्सला गेले होते आणि तेथून परतताना त्यांची श्रवणशक्ती कायमची अधू झालेली होती.

युद्धपटवादी : तरीही दोन रसांचे वैर प्रेक्षकाच्या मनात खरोखर वसते, याचा निर्णायक पुरावा ‘ऑल क्वाएट’च्याच इतिहासात आहे. पॉलच्या आजारी आईची भूमिका प्रथम झेसू पिट्स या अभिनेत्रीने केली होती. प्रदर्शनापूर्वी झालेल्या चाचणी खेळात तिला पाहताच प्रेक्षक हसू लागले, कारण विनोदी भूमिकांमुळे ती त्यांच्या ओळखीची झाली होती. परिणामी ती दृश्ये बेरिल मर्सर या दुसऱ्या अभिनेत्रीला घेऊन पुन्हा चित्रित करावी लागली. मरणाच्या छायेतील मुलाला निरोप देणाऱ्या आईच्या दृश्यात हशा पिकतो, याहून रसभंगाचे स्पष्ट उदाहरण कोणते असेल? विश्वनाथाने सांगितलेले वैर हे पंडितांचे वर्गीकरण नव्हे. ते प्रेक्षागृहात प्रत्यक्ष अनुभवाला येते.

विनोदपटवादी : त्या प्रसंगातून प्रेक्षकांची सवय सिद्ध होते, अभिनेत्रीची किंवा रसाची मर्यादा नव्हे, कारण त्याच झेसू पिट्सने एरिख फॉन स्ट्रोहाइम यांच्या ‘ग्रीड’ (१९२४) या विदारक चित्रपटात गंभीर भूमिका समर्थपणे पेलली होती. आणि त्याच ‘ऑल क्वाएट’मधील दुसरी निवड याच्या नेमकी उलट साक्ष देते. खड्ड्यात मरणारा तो फ्रेंच सैनिक, ज्याला आपण चित्रपटाचा आत्मा मानता, तो रेमंड ग्रिफिथ या नटाने साकारला आहे. ग्रिफिथ हे मूकपटांतील नामांकित विनोदी नट होते. १९२६ साली, म्हणजे कीटन यांच्या ‘द जनरल’च्याच वर्षी, त्यांनी ‘हँड्स अप!’ या यादवी युद्धावरच्या विनोदपटात नायकाचे काम केले होते. त्यांचा आवाज पूर्वीच बिघडलेला असल्याने बोलपट आल्यावर त्यांची कारकीर्द संपत आली, आणि शेवटची भूमिका मिळाली ती या मूक मरणाची. शब्दावाचून डोळ्यांनी, ओठांच्या हालचालीने, देहाच्या अगदी सूक्ष्म ताणाने भाव पोचवण्याची जी विद्या स्लॅपस्टिकने त्यांना शिकवली, तीच येथे मरणाच्या कामी आली. दिग्दर्शक माइलस्टोन यांचीही गोष्ट अशीच आहे. १९२९ साली झालेल्या पहिल्या ऑस्कर समारंभात विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी स्वतंत्र पुरस्कार होता, जो पुढे कधीच दिला गेला नाही, आणि तो माइलस्टोन यांना ‘टू अरेबियन नाइट्स’ (१९२७) या, जर्मनांच्या कैदेतून निसटणाऱ्या दोन अमेरिकी सैनिकांच्या विनोदपटासाठी मिळाला होता. म्हणजे युद्धपटाच्या शिखरावर विनोदपटाच्या पाऊलवाटेनेच चढणे झाले.

युद्धपटवादी : ग्रिफिथ यांचा दाखला महत्त्वाचा आहे, आणि त्याच्या जोडीला किंग व्हिडॉर यांच्या ‘द बिग परेड’चा (१९२५) दाखला युद्धपटाच्या बाजूनेच देता येईल. त्या चित्रपटाच्या पूर्वार्धात डोक्यावर पिंप घेऊन चालणारा सैनिक आणि फ्रेंच मुलीला च्युइंगम खायला शिकवणारा सैनिक असे भरपूर हसवणारे प्रसंग आहेत. उत्तरार्धात मात्र तेच सैनिक रानातून संथपणे पुढे चालत जातात आणि झाडांमागून येणाऱ्या गोळ्यांनी एकेक जण गळतो. चित्रीकरणाच्या वेळी व्हिडॉर यांनी मेट्रोनोम, म्हणजे तालाचे ठोके देणारे यंत्र, लावले होते आणि त्याच्या ठोक्यावर ढोल वाजवून नटांची पावले अंत्ययात्रेच्या गतीत पडतील अशी व्यवस्था केली होती. पूर्वार्धात हसलेला प्रेक्षक येथे अधिक विदीर्ण होतो. तात्पर्य, हास्य युद्धपटात यावे, पण सेवकाच्या नात्याने यावे. त्याने माणूस ओळखीचा करून द्यावा आणि मरणाच्या वेळी बाजूला व्हावे.

विनोदपटवादी : सेवकपण मान्य नाही, परंतु तालाचा मुद्दा दोघांच्याही उपयोगाचा आहे. गॅग, म्हणजे आरंभ, अपेक्षा आणि अपेक्षाभंग अशी बांधणी असलेला विनोदी प्रसंगाचा घटक, हा ठोक्यांच्या हिशेबावरच उभा असतो. एक ठोका आधी पडला तरी हसू हरवते. व्हिडॉर यांनी त्याच हिशेबाने मृत्यू बसवला. आता जेथे युद्धपट सहसा पोचत नाही ते स्थान पाहावे. लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘ब्लॉकहेड्स’ (१९३८) या चित्रपटात स्टॅनला १९१७ साली खंदकाचा पहारा सांगितला जातो आणि युद्ध संपल्याचे त्याला कोणी कळवत नाही, म्हणून १९३८ पर्यंत तो पहारा देतच राहतो; रिकाम्या डब्यांचा डोंगर उभा राहिला आहे, येरझाऱ्यांनी जमिनीत खोल वाट पडली आहे. आज्ञापालन हा सद्गुण मानला तर स्टॅन हा आदर्श सैनिक ठरतो, आणि हे ध्यानात येताच आज्ञापालनाच्या स्तुतीवरचा विश्वास डळमळतो. मार्क्स बंधूंच्या ‘डक सूप’मध्ये (१९३३) एका किरकोळ अपमानावरून दोन देश युद्ध पुकारतात, आणि लढाई चालू असताना राष्ट्रप्रमुख दर थोड्या वेळाने निराळ्या सैन्याचा, निराळ्या काळाचा गणवेश घालून वावरतो, गणवेश बदलले तरी मूर्खपणा तोच, असा त्याचा अर्थ आहे. युद्धपट युद्ध कसे असते ते दाखवतो, विनोदपट युद्ध सुरूच का होते असे विचारतो.

युद्धपटवादी : सत्तेची चिकित्सा युद्धपटालाही करता येते. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’मध्ये (१९५७) एका अशक्य चढाईच्या अपयशाचे खापर सैनिकांवर फोडून तिघांना गोळ्या घातल्या जातात, फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या निर्दयतेचे ते चित्रण इतके थेट होते की फ्रान्समध्ये तो चित्रपट १९७५ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. याच कुब्रिक यांनी ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या अण्वस्त्रांवरच्या उपरोधपटासाठी युद्धकक्षात एकमेकांना ‘क्रीम पाय’ हे मिष्टान्न फेकून मारणाऱ्या सेनापतींचे, म्हणजे अस्सल स्लॅपस्टिकचे, दृश्य चित्रित केले आणि शेवटी काढून टाकले, कारण चित्रपटाच्या एकूण सुराशी ते विसंगत वाटले. आणि सर्वांत वजनदार साक्ष चॅप्लिन यांची आहे. ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये (१९४०) त्यांनी हिटलरची यथेच्छ टर उडवली, परंतु छळछावण्यांतील प्रत्यक्ष भीषणतेची कल्पना असती तर तो चित्रपट करता आला नसता, असे त्यांनी १९६४ च्या आत्मचरित्रात नमूद केले. इजा न करणारा मार कोठे थांबला पाहिजे, हे त्या कलेच्या थोर साधकानेच सांगितले आहे.

विनोदपटवादी : ती सीमा खरी आहे. नरसंहारातील बळींच्या देहावर विनोद उभा राहू शकत नाही आणि राहू नये. पण त्याच चित्रपटात हुकूमशहा पृथ्वीचा फुगवलेला गोल हातावर, पायावर, पाठीवर झेलत नाचतो आणि अखेर तो फुगा त्याच्या तोंडावर फुटतो; जगावर सत्ता गाजवण्याच्या वासनेतील पोरकटपणा आणि भयानकता यांचे एवढे संक्षिप्त दर्शन गंभीर पद्धतीने घडवणे अवघड आहे. म्हणून सीमारेषा विषयावर ओढू नये, विनोदाच्या रोखावर ओढावी. हुकूम देणारा, नकाशावर काठी टेकवून माणसे मोजणारा, स्वतःला यंत्र करून घेतलेला, हे विनोदाचे न्याय्य लक्ष्य आहेत. ज्याला मारले जात आहे तो नाही. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ थोर आहे, पण त्यात कर्नल डॅक्सच्या रूपाने एक उदात्त अधिकारी उभा आहे, ज्याच्यामुळे प्रेक्षकाला लष्करी गणवेशाविषयीचा आदर थोडा तरी शाबूत ठेवता येतो. स्लॅपस्टिक हा दिलासा देत नाही.

या वादात दोन्ही पक्षांनी एकेक गोष्ट सोडून दिली आहे. युद्धपटवाद्याने हास्याला रणभूमीवर प्रवेश दिला आणि विनोदपटवाद्याने हास्याला सीमा असते हे मान्य केले; पण हास्य सेवक की समान अधिकारी, हा मतभेद मिटलेला नाही, आणि तो मिटण्याची आवश्यकताही नाही. दोन्ही प्रकारांचा विषय शेवटी एकच आहे : यंत्र, शस्त्र आणि हुकूम यांच्या तडाख्यात सापडलेला माणसाचा उघडा देह. युद्धपटात तो देह पडतो आणि उठत नाही. विनोदपटात तो पडतो आणि पुन्हा उठतो. पहिले दृश्य वस्तुस्थिती सांगते, पण तिला भव्यता चिकटण्याचा धोका त्यात असतो. दुसरे दृश्य वस्तुस्थितीला सोडून जाते, पण माणूस मरण्यासाठी जन्मलेला नाही हा दावा न सोडता जाते. रेमंड ग्रिफिथ यांनी हे दोन्ही देह एकाच आयुष्यात साकारले, यावरून दोन्ही कलांची साधना एकच असल्याचे उघड होते. वैर असेल तर ते रसांच्या उत्कर्षाच्या क्षणापुरते आहे. कलावंताच्या तयारीत आणि प्रेक्षकाच्या शिक्षणात ते नाही.

म्हणून युद्धपटाला प्रौढांची आणि स्लॅपस्टिकला मुलांची करमणूक मानण्याची जी प्रथा आहे, ती टाकून द्यायला हवी. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त हास्याचे प्रकार सांगताना स्मित थोरांना आणि अतिहसित सामान्यांना वाटून दिले, आणि खदखदून हसवणाऱ्या कलेकडे खालच्या नजरेने पाहण्याची वृत्ती आजही त्याच उतरंडीवर उभी आहे. युद्धाचा निर्णय आपल्या नावाने घेतला जाऊ देणाऱ्या नागरिकाला मृतांविषयीचा शोक जितका आवश्यक असतो तितकाच हुकुमाविषयीचा संशयही आवश्यक असतो. नुसता शोक स्मारके उभारून शांत होतो आणि पुढच्या युद्धाला निरोपाचे हार घालतो. नुसता संशय थट्टेत विरून जातो आणि मेलेल्यांची नावे विसरतो. ‘ऑल क्वाएट’ पाहून जो हेलावला त्याने ‘शोल्डर आर्म्स’ आणि ‘डक सूप’ तितक्याच गांभीर्याने पाहावेत, आणि कीटनच्या तोफेवर जो हसला त्याने माइलस्टोनच्या खड्ड्यात ती रात्र काढावी. कारण युद्धाविषयीचे पूर्ण मत या दोहोंपैकी एकाच दालनात बसून बनवता येत नाही.